समखुरी आणि विषमखुरी : पायाच्या ठेवणीतून कळणारी नाती

घोड्याला नाल लागतात चार, बैलाला चारही पायांना ठोकल्या तर पत्र्या लागतात आठ. नालबंदाला यात सांगण्याजोगे काही वाटणार नाही, कारण त्याचा रोजचा हिशेबच तो आहे. पण खूर असलेल्या सस्तन प्राण्यांची प्राणिशास्त्राने जी मोठी वाटणी केली, ती याच फरकाशी येऊन थांबते. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बैलाला दोरखंडाने पाडून, पाय बांधून पत्र्या मारताना पाहिले तर हा फरक डोळ्यांना स्वच्छ दिसतो. आधी खूर तासून सपाट करतात. मग दुभंगलेल्या खुराच्या एकेका पाकळीवर पातळ, चंद्रकोरीच्या आकाराची वेगळी पत्री ठेवतात, बाहेरच्या कडेने खिळे मारतात आणि वर निघालेली टोके वळवून टाकतात. दोन्ही पाकळ्यांवर मिळून एकच पत्रा ठोकला तर चालणार नाही, कारण चालताना त्या पाकळ्या एकमेकींपासून थोड्या फाकतात आणि पुन्हा जवळ येतात. जखडल्या तर बैल लंगडेल. घोड्याचा खूर अखंड असतो, म्हणून त्याला एकच नाल पुरतो.

बैलाला प्राणिशास्त्रात समखुरी म्हणतात आणि घोड्याला विषमखुरी. शाळेच्या पुस्तकात हे शब्द भेटतात, परीक्षेपुरते पाठ होतात आणि मागे पडतात. ते मागे पडू नयेत असे मला मनापासून वाटते. गोठ्यातल्या साथीपासून कच्छच्या जीवाश्मांपर्यंत कितीतरी गोष्टी या दोन शब्दांनी उलगडतात. मात्र त्यासाठी त्यांचा अर्थ नीट लावून घ्यावा लागतो, कारण वरवर दिसतो तो अर्थ अर्धाच खरा आहे.

टेबलावर हात ठेवून पाहा

पंजा टेबलावर पालथा, सपाट ठेवा. अस्वल आणि माणूस पाय टेकवतात ते असे, अख्ख्या तळव्यावर. आता तळवा उचला आणि फक्त बोटे टेकलेली राहू द्या. कुत्रा, मांजर, वाघ असे चालतात. यापुढे बोटेही उभी करत न्या, इतकी की केवळ नखांची टोके टेबलाला लागतील. खूरवाले प्राणी जन्मभर असे नखांवर उभे असतात. खूर म्हणजे जाड होऊन बोटाच्या टोकाभोवती टोपणासारखे बसलेले नखच; आपल्या नखांत असते तेच केराटिन त्यात असते. म्हणून तो वाढत राहतो आणि झिजला नाही तर तासावा लागतो.

हात उभा करताना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. अंगठा सर्वांत आधी टेबलावरून सुटतो. तो आखूड आहे. त्यानंतर करंगळी आणि तर्जनी सुटू लागतात. शेवटी एकट्या मधल्या बोटावर भार पेलून धरलात तर तो झाला घोड्याचा पाय. मधले बोट आणि अनामिका या दोघांवर सारखा भार ठेवलात तर ती झाली गाय. खुरांच्या साऱ्या शास्त्राचा गाभा एवढाच आहे.

यावरून प्राण्याच्या पायाचे सांधेही नीट ओळखता येतात. घोड्याच्या पुढच्या पायातला ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो खरे तर त्याचे मनगट. मागच्या पायात उलटा वळलेला सांधा दिसतो, ती टाच. मनगटाखालची लांब सरळ नळी म्हणजे आपल्या तळहातातले एक हाड, ताणून लांब केलेले. घोड्यात ते मधल्या बोटाचे एकटे हाड असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक काड्यांसारखी दोन हाडे चिकटलेली असतात. तर्जनी आणि अनामिकेच्या तळहाडांचे ते अवशेष. गाय, म्हैस, शेळी यांच्यात मात्र मधले बोट आणि अनामिका यांची दोन तळहाडे एकजीव होऊन एक नळी बनते. पायाचे सूप ज्या घरांत होते, तिथे हे ताटातच पाहता येते. बकऱ्याची ती नळी स्वच्छ पुसून उजेडात धरली की पुढच्या बाजूने खाली उतरणारी एक उभी खाच दिसते. दोन हाडे जिथे जुळली, तो हा सांधा. नळीच्या खालच्या टोकाला गोल गोल दोन गाठी असतात, प्रत्येक बोटासाठी एक. घोड्याच्या नळीला अशा दोन गाठी कधीच नसतात.

बोटांची संख्या नव्हे, भाराची रेघ

आता त्या अर्ध्या खऱ्या अर्थाकडे येऊ. समखुरी म्हणजे ज्याच्या पायाला दोन किंवा चार खूर आणि विषमखुरी म्हणजे ज्याला एक किंवा तीन, अशी सोपी व्याख्या बहुतेकांना माहीत असते. गाय, शेळी, हरीण, डुक्कर, पाणघोडा यांना ती लागू पडते. घोडा आणि गेंडाही तिच्यात बसतात. गेंड्याच्या प्रत्येक पायाला तीन बोटे असतात. अडचण येते ती टॅपिरपाशी. मलेशिया-सुमात्रात आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत राहणाऱ्या, लवचीक लांब नाकाच्या या प्राण्याच्या मागच्या पायांना तीन बोटे असतात, पण पुढच्या पायांना चार. नुसती मोजदाद केली तर टॅपिर पुढून समखुरी आणि मागून विषमखुरी ठरेल. उलट बाजूने पाहा. अमेरिकेतल्या पेकरी या डुकरासारख्या प्राण्याच्या मागच्या पायाला तीनच बोटे असतात, तरीही तो निःशंकपणे समखुरी गणात आहे.

हा गोंधळ एका प्रश्नाने मिटतो : पायावर पडणाऱ्या भाराची रेघ कुठून जाते? घोडा, गेंडा, टॅपिर यांच्यात ती मधल्या, म्हणजे तिसऱ्या बोटाच्या बरोबर मध्यातून जाते. ते बोट सर्वांत मोठे आणि स्वतःपुरते समतोल असते, बाकीची त्याच्या आजूबाजूला. टॅपिरचे पुढच्या पायातले चौथे बोट लहान आहे, बाहेरच्या बाजूला आहे आणि मऊ जमिनीतच टेकते. मुख्य रेघ मधल्या बोटातूनच जाते. गाय, डुक्कर, पाणघोडा, पेकरी यांच्यात ती रेघ तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधल्या फटीतून जाते आणि ती दोन बोटे एकमेकांच्या प्रतिबिंबासारखी असतात. आजूबाजूला आणखी एक बोट उरले काय, दोन उरली काय किंवा एकही उरले नाही, तरी निकाल बदलत नाही.

निसर्गातल्या चुकाही याला साक्ष देतात. ज्यूलियस सीझरच्या घोड्याचे खूर माणसाच्या बोटांसारखे फुटलेले होते, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवले आहे. जास्तीची बोटे घेऊन जन्मलेली घोड्याची शिंगरे पुढेही नोंदली गेली आहेत. ती घोडेच राहतात. दुसरीकडे काही डुकरांत दोन खूर जुळून एकच अखंड खूर तयार होतो. अशा डुकरांचा उल्लेख अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखनातही आहे. गाईगुरांतही हा जन्मजात दोष अधूनमधून दिसतो. खूर एक दिसला तरी आत बोटे दोन असतात आणि डुक्कर विषमखुरी होत नाही.

म्हणून समखुरी हा शब्द थोडा फसवा आहे, हे मान्य करायला हवे. त्याचे मूळ शास्त्रीय नाव आर्टिओडॅक्टिला. त्यातही ‘सम बोटांचे’ एवढेच म्हटले आहे, म्हणजे घोळ मुळातलाच आहे. तरीही शब्द बदलावा असे मला वाटत नाही. तो छोटा आहे, जिभेवर बसतो आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर उत्तर देतो. फक्त शिकवताना टॅपिर दाखवावा.

एकशफ, द्विशफ आणि ओवेन

खुरांवरून जनावरे लावायची कल्पना फार जुनी. भागवत पुराणाच्या तिसऱ्या स्कंधात सृष्टीचे वर्णन करताना पशूंचे द्विशफ, एकशफ आणि पंचनख असे गट पाडले आहेत. शफ म्हणजे खूर. गाय, बोकड, म्हैस, डुक्कर, मेंढी, उंट हे द्विशफांत. गाढव, घोडा, खेचर हे एकशफांत. कुत्रा, कोल्हा, लांडगा, वाघ, मांजर हे पाच नखांचे. अ‍ॅरिस्टॉटलनेही अखंड खुराचे, दुभंगलेल्या खुराचे आणि अनेक बोटांचे असे भेद केले होते. जनावरांबरोबर राहणाऱ्या कुठल्याही समाजाच्या नजरेत हे भरणारच.

पण पाहणे वेगळे आणि त्यावरून नाते सांगणे वेगळे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिए याच्या मांडणीत जाड कातडीचे प्राणी म्हणून हत्ती, गेंडा, पाणघोडा, डुक्कर एका गटात होते आणि रवंथ करणारे दुसऱ्या. पाणघोडा आणि गेंडा शेजारी-शेजारी ठेवले तर कुणालाही ते भाऊबंद वाटतील. दोघेही अवजड, जवळजवळ बिनकेसांचे आणि आखूड पायांचे. मात्र बोटांच्या संख्येवरून या जाड कातडीवाल्यांत भेद करता येतील, हेही क्यूव्हिएनेच सुचवले होते. लंडनच्या रिचर्ड ओवेनने १८४८ मध्ये तो धागा उचलला आणि जाड कातडीचा गटच मोडून टाकला. पाणघोडा आणि डुक्कर त्याने गाई-हरणांकडे नेले. गेंडा आणि टॅपिर घोड्याकडे गेले. आर्टिओडॅक्टिला आणि पेरिसोडॅक्टिला ही नावे त्यानेच दिली. पायाबरोबर दात, पोट, मांडीच्या हाडावरचे उंचवटे हे सगळे त्याने तपासले आणि सगळ्यांनी पायाच्या बाजूनेच कौल दिला. पुढे चार्ल्स डार्विनशी कडवे मतभेद असलेल्या या माणसाने केलेली वाटणी उत्क्रांतीच्या कसोटीवरही टिकली. हत्ती मात्र या दोन्ही घरांतला नाही. त्याच्या पायाला नखे दिसत असली तरी आत पाच बोटे आहेत आणि त्यांच्या मागे चरबीची जाड गादी. त्याचे कूळ वेगळेच आहे.

उंटाबद्दल दोन शब्द. तो समखुरी आहे, पण त्याला धड खूर नाहीत. दोन बोटे, त्यांच्या टोकांना नखे आणि तळाशी वाळूत पसरणारी रुंद गादी असा त्याचा पाय असतो. भाराची रेघ दोन बोटांच्या मधूनच जाते, म्हणून त्याची जागा पक्की.

गोठ्यात हा शब्द कामाचा

पशुपालकाच्या दृष्टीने समखुरी या शब्दाचा सर्वांत मोठा उपयोग लाळ्या खुरकुताच्या साथीत होतो. जनावराला ताप येतो, तोंडात, जिभेवर, सडांवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड उठतात. ते फुटले की तोंडातून लाळेच्या तारा गळतात, जनावर चारा सोडते, पाय टेकवेना म्हणून उभ्या उभ्या पाय झाडत राहते. दूध एकदम आटते. ओढकामाचा बैल असेल तर ऐन हंगामात बसून जातो. मोठी जनावरे बहुतेक वाचतात, पण लहान वासरे दगावतात, कारण त्यांच्या हृदयावर परिणाम होतो.

हा रोग गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर या सगळ्यांना होतो. गवा, चितळ, सांबर यांनाही होतो. त्याच गोठ्याशेजारी बांधलेल्या घोड्याला किंवा गाढवाला होत नाही. खुरकुताच्या विषाणूला समखुरी प्राण्यांचे शरीर मानवते, विषमखुरींचे नाही. हत्तीसारखे थोडे अपवाद सोडले तर रोगाची हद्द जवळजवळ ओवेनच्या रेघेवरून जाते. त्यामुळे एखाद्या घोड्याच्या तोंडात फोड आले तर पशुवैद्य खुरकूत बाजूला ठेवून दुसऱ्या कारणांकडे वळतो. गावात साथ आली तर नुसत्या गाई-म्हशी वेगळ्या करून भागत नाही. शेळ्या, मेंढ्या आणि डुकरे यांचाही विचार करावा लागतो. शेळ्या-मेंढ्यांत लक्षणे सौम्य असतात आणि तिथेच दुर्लक्ष होते. लांबचा पल्ला चालणाऱ्या मेंढपाळांच्या वाटा साथीच्या काळात महत्त्वाच्या ठरतात त्या यामुळेच. खरे तर घोड्याकडूनही रोग पसरू शकतो, पण तो आजारी पडून नव्हे. त्याच्या खुराला, पाठीवरच्या खोगिराला, माणसाच्या चपलेला लागलेल्या घाणीतून विषाणू पुढे जातो.

प्राण्यांमध्ये रोग घडवणारा जो पहिला विषाणू शास्त्राने ओळखला, तो हाच. जर्मनीत फ्रिडरिख लॉफलर आणि पॉल फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचे कारण पार होते. त्याचे सात मुख्य प्रकार आहेत. भारतात दिल्या जाणाऱ्या लशीत ओ, ए आणि एशिया-१ हे तीन असतात. एका प्रकाराची लस दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, आणि संरक्षण फार काळ टिकतही नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी टोचावे लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात खुरकुताचे लसीकरण केंद्रस्थानी आहे. दारात लस टोचणारे आले की ‘आमच्या गाईला कुठे काय झालंय’ म्हणून दार लावून घेणारे अजून भेटतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की सुया गाईसाठी असल्या तरी आडोसा गावातल्या प्रत्येक दुभंगलेल्या खुराला मिळतो.

रवंथ, लीद आणि शेण

पायावरून पोटाचा अंदाज येतो, पण सावधपणे. रवंथ करणारे सगळे प्राणी समखुरी आहेत. एकही विषमखुरी प्राणी रवंथ करत नाही. उलट मात्र खरे नाही, कारण डुक्कर आणि पाणघोडा समखुरी असूनही रवंथ करत नाहीत. गाय चारा आधी पोटाच्या पहिल्या कप्प्यात आंबवते, पुन्हा तोंडात आणते, दळते. घोड्याच्या पोटात हे आंबणे लहान आतड्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात होते; दुसऱ्यांदा चावायची संधी मिळत नाही. म्हणूनच घोड्याच्या लिदीत गवताच्या काड्या अखंड दिसतात आणि गाईचे शेण मऊ, एकजीव असते. सारवायला शेणच लागते, ते यामुळे.

खूर आणि रवंथ या जोडीचा एक नियम कोकणात अनेक पिढ्या पाळला गेला आहे. बायबलच्या लेवीय पुस्तकाप्रमाणे ज्याचा खूर पूर्ण दुभंगलेला आहे आणि जो रवंथही करतो, असाच चौपायी प्राणी यहुद्यांनी खावा. डुकराचा खूर फाटलेला आहे पण तो रवंथ करत नाही, उंट रवंथ करतो पण त्याचा खूर दुभंगलेला धरत नाहीत, दोघेही वर्ज्य. रायगडच्या किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली लोकांना, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांना, बोकडाचे मटण चालते ते या दोन्ही अटी पुऱ्या होतात म्हणून.

महाराष्ट्राच्या रानातले खूर

महाराष्ट्रात आज रानटी अवस्थेत एकही विषमखुरी प्राणी नाही. जवळचा म्हणजे कच्छच्या छोट्या रणातला घुडखर, म्हणजे रानगाढव, आणि गेंड्यासाठी उत्तर प्रदेशातल्या दुधव्यापर्यंत तरी जावे लागते. महाराष्ट्रातल्याच दायमाबादच्या प्राचीन वसाहतीत १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या मूर्तींत हत्ती, म्हैस आणि बैलजोडीच्या रथाबरोबर एक गेंडाही आहे. कुणीतरी तो कधीतरी पाहिलेला असणार, इतका तो ओळखू येतो. आपल्या रानात खुराचा ठसा दिसला आणि तो पाळीव घोड्या-गाढवाचा नसेल, तर तो समखुरीच असतो : गवा, सांबर, चितळ, भेकर, पिसोरी, नीलगाय, चौशिंगा, काळवीट, चिंकारा, रानडुक्कर, आणि गडचिरोलीच्या कोलामार्कात उरलेली रानम्हैस.

उन्हाळ्यात पाणवठ्याच्या काठचा चिखल हे वाचनाचे उत्तम पान असते. चितळाचा ठसा अरुंद, पुढे टोकदार. सांबराचा त्याच घाटाचा पण मोठा. गव्याचा रुंद आणि बराचसा गोल, गाईगुरांच्या ठशाशी गल्लत व्हावी असा. भेकराचा इतका छोटा की दोन बोटांनी झाकला जातो. रानडुकराच्या ठशामागे, थोडे बाहेरच्या बाजूला, दोन लहान खुणा बहुधा उमटलेल्या असतात. त्याच्या पायामागचे दोन छोटे खूर बरेच खाली असतात, त्यामुळे थोडा ओलावा असला तरी ते टेकतात. हरणात ते वर असतात आणि एरवी उमटत नाहीत. पण हरीण घाबरून उधळले असेल तर पुढच्या पाकळ्या इंग्रजी व्हीसारख्या फाकलेल्या आणि मागच्या दोन खुणाही खोल गेलेल्या दिसतात. त्या एका ठशावरून तिथे काय झाले असेल याचा अंदाज बांधता येतो. आजूबाजूला बिबट्याचे पंजे शोधायला हरकत नाही.

दुभंगलेल्या खुराचा फायदा इथेच कळतो. पाकळ्या फाकल्याने चिखलात पाय कमी रुततो आणि सुटतोही सहज. घाटाच्या निसरड्या उतारावर दोन टोके वेगवेगळी पकड घेतात. भातखाचराच्या चिखलणीला बैल आणि रेडा जुंपतात, घोडा नाही. अखंड खुराची करामत कोरड्या, कठीण, मोकळ्या मैदानावर. तिथे एका बोटाचा हलका पाय लांब टांग टाकतो.

वस्तान आणि राजौरी

विषमखुरींच्या उगमाचा एक धागा महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या सुरत जिल्ह्यात सापडला. तिथल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत मिळालेल्या हाडांवरून सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॅम्बेथेरियम या प्राण्याचे वर्णन केले. तो सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीचा. २०१४ मध्ये केनेथ रोझ आणि सहकाऱ्यांनी आणखी हाडे तपासून दाखवले की घोडा, गेंडा आणि टॅपिर यांच्या कुळाच्या अगदी मुळाशी तो उभा आहे. त्या काळी भारताचा भूखंड आशियाला अजून पुरता भिडलेला नव्हता, म्हणून हे कूळ इथेच उदयाला आले असावे, असा विचार पुढे आला. साधारण त्याच सुमाराचा घोड्याचा पूर्वज उत्तर अमेरिकेत आणि युरोपात होता, कुत्र्याएवढा, पुढे चार आणि मागे तीन बोटांचा. पुढच्या काळात बोटे एकेक करून गळाली. तीन बोटांचे घोडे कोट्यवधी वर्षे धावले. एकाच बोटाचा घोडा तुलनेने अलीकडचा आहे.

समखुरींची गोष्ट जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात, कालाकोटला पोचते. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी तिथले खडक गोळा केले होते आणि त्यांतल्या एका प्राण्याला १९७१ मध्ये इंडोहायस हे नाव दिले होते. त्यांच्या पश्चात पत्नीने जपून ठेवलेले ते खडक जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्या हाती आले. त्यांतून मांजरापेक्षा थोडा मोठा, बारीक पायांचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा समखुरी प्राणी बाहेर आला. त्याच्या कानाच्या हाडाची एक भिंत जाड होती. अशी जाड भिंत तोवर फक्त व्हेल आणि डॉल्फिनमध्ये माहीत होती. पायांची हाडेही आतून भरीव होती, पाण्यात तळाशी चालणाऱ्या प्राण्याला लागतात तशी. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि व्हेलच्या नातेवाइकांच्या शोधात समखुरी हा शब्द ठळक झाला.

पाय नसलेला समखुरी

व्हेलचे पूर्वज कोण, यावर दीर्घकाळ वाद होता. दातांवरून निघालेले उत्तर होते : मेसोनिकिड, म्हणजे खूर असलेले पण मांस खाणारे, आता नामशेष झालेले प्राणी. १९९० च्या दशकात रेणूंच्या अभ्यासाने वेगळेच सांगितले. व्हेलचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा निघाला. म्हणजे व्हेल समखुरींच्या शेजारी नव्हे, समखुरींच्या आत. जीवाश्म अभ्यासणाऱ्या अनेकांना हे पटेना, आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. पायाचा पुरावा कुठे आहे?

समखुरींच्या घोट्यात एक खास हाड असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते वरच्या टोकालाच कप्पीसारखे खाचदार असते. समखुरींत ते दोन्ही टोकांना तसे असते. त्यामुळे पाऊल पुढे-मागे मोकळे हलते आणि पीळ मात्र खात नाही. हरणाची उडी त्यावरच उभी आहे. दुसऱ्या कुठल्याही गणात हे दुहेरी कप्पीचे हाड नाही. म्हणून जुन्या व्हेलचा घोटा सापडला तर वाद मिटणार होता. २००१ मध्ये तो मिटला. पाकिस्तानातून दोन वेगवेगळ्या गटांना, फिलिप गिंगरिच यांच्या आणि थेविसन यांच्या, पाय असलेल्या आदिम व्हेलचे घोटे मिळाले. दोन्ही टोकांना कप्पी. व्हेल मेसोनिकिडांचे वंशज मानण्याच्या बाजूने आधी असलेल्या गिंगरिच यांनी पुरावा पाहून आपले मत बदलले.

या गोष्टीत कच्छचाही वाटा आहे. अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी मिश्रा यांनी १९७० च्या दशकात तिथून प्राचीन व्हेलचे जीवाश्म उजेडात आणले होते.

आजच्या व्हेल-डॉल्फिनना मागचे पाय नाहीत. पण डॉल्फिनच्या भ्रूणात मागच्या पायांचे अंकुर काही काळ दिसतात आणि विरून जातात. अनेक व्हेलच्या शरीरात कमरेच्या हाडांचे लहान अवशेष स्नायूंत अडकलेले असतात. पुढच्या वल्ह्यात मनगट आणि बोटांची हाडे आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला लागलेले जे व्हेलचे पिल्लू वाचवायला गावकरी, वनखाते आणि तटरक्षक दल धडपडत होते, ते वंशावळीने पाहिले तर गोठ्यातल्या गाईचे नातलग होते. घोड्यापेक्षा गाय त्याला जवळची.

आता या मोठ्या गटाला नाव काय द्यायचे, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. १९९७ मध्ये सेटार्टिओडॅक्टिला हे जोडनाव सुचवले गेले. त्यात व्हेलचा गण आणि समखुरींचा गण दोन्ही येतात. काही जणांना ते स्पष्ट वाटते. काहींचे म्हणणे असे की जुनेच आर्टिओडॅक्टिला ठेवावे, कारण कुळात एक मूल पोहायला लागले म्हणून कुळाचे आडनाव बदलत नाहीत. मला दुसरी बाजू पटते. मराठीतही समखुरी हाच शब्द ठेवावा आणि पाठ्यपुस्तकातल्या समखुरींच्या यादीत गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, उंट यांच्यापुढे स्वल्पविराम देऊन व्हेल आणि डॉल्फिन लिहावेत.